पंचाहत्तर मैलांपलीकडची खुर्ची

माणसाने जेवताना फार बोलू नये म्हणतात, ते घास अडकतो म्हणून नव्हे. अडकलेला घास पाण्याच्या घोटाबरोबर उतरतो. तोंडातून गेलेला शब्द निस्तरायला मात्र नुसतं पाणी पुरत नाही. एमिल झुपानला त्यासाठी घराचं छप्पर, देशाचा झेंडा, शेजाऱ्याचा उंट आणि मेव्हण्याची रेसची गाडी एवढा सगळा लवाजमा लागला.

चौसष्ट सालचा डिसेंबर. क्लीव्हलँड शहराच्या दक्षिणेला चिकटून हॅडली नावाचं उपनगर आहे, तिथे झुपानांच्या टेबलावर रविवारचं जेवण चाललं होतं. सॉसेज, आंबट कोबी आणि रेडिओ. रेडिओने सांगितलं की आपला फुटबॉल संघ अजिंक्यपदाच्या सामन्यात पोचला, आणि सामना इथेच, सरोवराकाठच्या स्टेडियममध्ये, नाताळानंतरच्या रविवारी. एमिलची बायको डोलोरेस टाळ्या वाजवायला लागली. तिच्या वडिलांनी, अँटन कुहारांनी, हातातला काटा खाली ठेवला.

"म्हणजे मला दिसणार नाही," ते म्हणाले.

त्यात काही खोटं नव्हतं. म्हाताऱ्याचं कंबरेचं हाड मोडून नीट बसलेलं नव्हतं, त्यामुळे स्टेडियमच्या पायऱ्या म्हणजे हिमालय. आणि टीव्हीवर बघावा तर नियम आडवा. ज्या गावात सामना, त्या गावापासून पंचाहत्तर मैलांच्या आत तो टीव्हीवर दाखवायचा नाही, कारण फुकट दिसला तर तिकीट कोण काढील? म्हणजे अख्खी अमेरिका पाय पसरून सामना बघणार, आणि ज्यांच्या दारात मांडव त्यांनाच अक्षता नाहीत. शिकलेसवरलेले लोक असे नियम करतात, आणि वर टाय बांधून ते समजावूनही सांगतात.

एमिलला काय झालं कोण जाणे. एरवी हा माणूस दुकानात सुट्टे पैसे कमी आले तरी "असू दे" म्हणणारा. पण सॉसेज गरम होतं, बियर थंड होती. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही हा सामना बघाल. माझा शब्द. याच खुर्चीत बसून बघाल."

खुर्ची म्हणजे म्हाताऱ्याची हिरव्या कापडाची, दोन्ही हातांवर पार झिजलेली आरामखुर्ची. ती जेवणाच्या टेबलाशी ओढून आणावी लागे, कारण दुसऱ्या कशात त्यांची कंबर टिकत नसे.

म्हाताऱ्याने जावयाकडे नीट निरखून पाहिलं. "ऐकलंस का डोलोरेस? गॅस कंपनी बोलली."

हे एमिलचं नाव. तो गॅस कंपनीच्या बिलांच्या खात्यात होता, आणि लग्न झाल्यापासून सासऱ्याने त्याला दुसऱ्या नावाने हाक मारलेली नव्हती. "काय गॅस कंपनी, जेवलात का?" "गॅस कंपनीला म्हणावं, दार लाव." म्हाताऱ्याचंही बरोबरच होतं म्हणा. त्यांच्या मते पुरुषाचं नाक निदान एकदा तरी मोडलेलं असावं. ते स्वतः एकोणीसशे वीसच्या दशकात, चामड्याच्या टोप्या घालून खेळायचे त्या काळात, फुटबॉल खेळलेले, तो अमेरिकेचा, बॉल काखेत धरून धडका देत पळायचा. शनिवारी कारखान्याच्या संघातून खेळायचं आणि रविवारी दुसऱ्या गावाच्या संघातून, पैसे घेऊन, खोट्या नावाने. कारखान्याला कळलं असतं तर नोकरी गेली असती. तेव्हा संघ कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवायचे आणि हंगाम संपायच्या आत कुजायचे. म्हातारे ज्या संघातून खेळले त्यातला एकही आता शिल्लक नव्हता. शिल्लक होतं ते तीन ठिकाणी मोडलेलं नाक.

पोटच्या पोरानेही निराशाच केली होती. रूडी कुहार, डोलोरेसचा धाकटा भाऊ, खांदे बैलासारखे, पण त्याने फुटबॉल सोडून मोटारींच्या शर्यतींचा नाद धरला. आठवडाभर गॅरेजमध्ये राबायचं आणि शनिवारी मातीच्या गोल ट्रॅकवर धूळ खायची. म्हातारे एकदाही बघायला गेले नव्हते. "बसून करायचा खेळ तो! बसून तर मी जेवतो!" असं म्हणायचे. रूडी म्हणायचा, "बाबा, जुन्या काळी रेसच्या गाडीत दोघं बसायचे. एक चालवायला, दुसरा मेकॅनिक, तेलाचा पंप मारत. हाडं खिळखिळी व्हायची." त्यावर म्हातारे म्हणायचे, "म्हणजे दोन माणसं वाया." असं गेली कित्येक वर्षं चाललेलं.

तर शब्द गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आळीला कळलं, कारण डोलोरेसला कळलं की आळीला कळतंच.

पहिला सल्ला घेऊन आला शेजारचा फेडोर्को. या गृहस्थाला माहीत नाही अशी गोष्ट देवाने अजून निर्माण केलेली नाही. कुंपणावर कोपर टेकून तो म्हणाला, "सोपं आहे एमिल. टोलिडोचं टीव्ही स्टेशन पंचाहत्तर मैलांच्या बाहेर. ते सामना दाखवणार. तू फक्त उंच अँटेना लाव आणि तोंड पश्चिमेला कर. हवा नुसती पाण्यासारखी पिऊन घेईल तो अँटेना."

"किती उंच?"

"लोक काय म्हणतील असं वाटायला लागलं, की त्याच्यावर आणखी थोडा."

एमिलने खांब आणला. तो इतका उंच निघाला की दोन तुकड्यांत जोडावा लागला. टोकाला माशाच्या काट्यासारखा अँटेना. आता एमिल कायद्याचा माणूस. गॅसचं बिल एक दिवस उशिरा भरणाऱ्याला तो मनातल्या मनात गुन्हेगार समजत असे. त्यामुळे खांब उभा करण्याआधी तो परवानगी काढायला नगर कचेरीत गेला. खिडकीत मिस हॅव्हरकँप बसायच्या. चष्मा साखळीला बांधलेला, आणि चेहऱ्यावर अर्जदाराने आधीच काहीतरी चूक केली असल्याचा भाव.

"छपरावर उंच काही उभं करायचं तर दोनच प्रकार आहेत, मिस्टर झुपान," त्या म्हणाल्या. "धुराडं किंवा झेंड्याची काठी. तुमचं काय आहे?"

"अँटेना."

"तो प्रकार या उंचीला नाही."

"मग प्रकार नाही तर परवानगीही लागत नसेल?"

"प्रकार नाही म्हणून परवानगी देता येत नाही, आणि परवानगी नाही म्हणून उभा करता येत नाही." मिस हॅव्हरकँपनी चष्मा उतरवला. "धुराड्यातून धूर यावा लागतो. झेंड्याच्या काठीला मात्र उंचीची मर्यादा नाही. देशप्रेमाला मर्यादा घालू नये असं मंडळाचं मत पडलं होतं. अट एवढीच की झेंडा फडकला पाहिजे. सूर्योदयाला चढवायचा, सूर्यास्ताला उतरवायचा. मी रोज त्याच रस्त्याने घरी जाते."

झालं! एमिल झुपान, बिलांच्या खात्यातला आब राखून असणारा माणूस, रोज पहाटे पायजम्यावर ओव्हरकोट चढवून छपरावर झेंडा चढवायला लागला आणि संध्याकाळी उतरवायला. दूधवाला खालून सलाम ठोकायचा. समोरच्या घरातल्या म्हातारीने पाद्रीबाबांना विचारलं, झुपानांचं कोणी सैन्यात वारलं का? आणि अँटेना! त्याची तऱ्हा तर निराळीच.

"दिसतंय का?" एमिल छपरावरून.

"दिसत होतं! आता गेलं!" डोलोरेस खिडकीतून.

"डावीकडे घे!" फेडोर्को अंगणातून.

"कोणाच्या डावीकडे?"

"टोलिडोच्या!"

बाहेर बर्फ नव्हता तेवढा टीव्हीत पडत होता. पण एमिल हटला नाही. बोटं बधिर झाली, एक पाय पन्हाळीत गेला, ऑफिसात साहेबाने "झुपान, तुमच्या केसांत पक्ष्याचं पीस आहे" असं चारचौघांत सांगितलं, तरी तो हटला नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अखेर पडद्यावर एक आकृती दिसली. पुरुष की बाई ते समजत नव्हतं, पण साबण विकत होती एवढं नक्की.

"यात बॉल दिसेल का रे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"बॉल नाही दिसला तरी लोक कुठे पळतात ते दिसेल, बाबा."

रात्री म्हाताऱ्याने डोलोरेसला आपला कॉलरचा पांढरा शर्ट इस्त्री करायला सांगितला, आणि ते एमिलच्या कानावर आलं. त्याला रात्रभर झोप लागली नाही. माणूस थट्टा करत असला की बरं असतं. विश्वास टाकायला लागला की पंचाईत.

रविवारी सकाळी एमिलने नियमाप्रमाणे झेंडा चढवला आणि सगळे चर्चला गेले. पाद्रीबाबांनाही सामन्याचं होतंच. त्यांनी प्रवचन असं आटोपतं घेतलं की पहिल्या वाक्यातला पापी तिसऱ्या वाक्यात स्वर्गात गेला. बाहेर येतात तर सरोवरावरून वारा सुटलेला. असा वारा की टोप्या माणसांआधी घरी पोचाव्यात. एमिलला छपरावरचा झेंडा आठवला. अँटेना वाऱ्याला दाद देत नाही, त्यात भोकंच भोकं. पण झेंडा म्हणजे शीड!

घरी आले तर खांबाचा खालचा तुकडा एमिलच्या मोटारीवर आडवा. टप खाली बसला होता, पुढची काच नाहीशी. वरचा तुकडा, अँटेना आणि झेंड्यासकट, कुंपणापलीकडे फेडोर्कोच्या मेपलच्या झाडात अडकून लोंबत होता. वाटेत त्याने फेडोर्कोच्या अंगणातल्या येशूजन्माच्या देखाव्यावरून जाऊन उंटाचं डोकं उडवलं होतं. फेडोर्कोचा नाताळ जुन्या पंचांगाप्रमाणे जानेवारीत, त्यामुळे उंट ऐन सणाच्या तोंडावर गेला.

"तीन राजे आता काय चालत येणार?" फेडोर्को उंटाचं डोकं काखेत धरून ओरडला.

एमिल पायरीवर बसला. आत खिडकीशी म्हातारे इस्त्रीच्या शर्टात, हिरव्या खुर्चीत, बंद टीव्हीसमोर बसले होते. ते काही बोलले असते तर चाललं असतं. नुसतं "गॅस कंपनी" म्हणाले असते तरी. ते पडद्याकडे बघत बसले. एमिल उठला.

"रूडी," त्याने स्वयंपाकघरात अक्रोडाची पोळी खात बसलेल्या मेव्हण्याला विचारलं, "पंचाहत्तर मैलांपलीकडे मोटेल आहेत ना? तिथे टीव्ही असतात ना?"

"असतात की. पण दाजी, जाणार कशाने? गॅरेजचा ट्रक मालक घेऊन गेलाय, स्टेडियमवर. फेडोर्कोला विचारा."

"उंट मारलास आणि गाडी मागतोस?" फेडोर्को कुंपणावरून म्हणाला. त्याला ऐकू येत नाही असं काही नाही.

"तुझी आहे ना एक गाडी," एमिल रूडीला म्हणाला.

रूडीचा घास तोंडातच राहिला. "ती? दाजी, तिची दारं वेल्डिंग करून बंद केलीत. काच नाही. हीटर नाही. नंबर प्लेट नाही. सीट एकच, माझी."

"नंबर प्लेट माझ्या गाडीची बांध. सीट मी आणतो."

त्याने करवत घेतली, सासऱ्यांना उठवून भिंतीला टेकवून उभं केलं, आणि हिरव्या खुर्चीचे चारही पाय कापून काढले. डोलोरेसने किंकाळी फोडली. म्हाताऱ्याने नाही. ते भिंतीला धरून अशा काही नजरेने बघत होते, जणू गॅस कंपनीने आगगाडी उचलली.

रूडीची गाडी म्हणजे एके काळची दोन दारांची कूप मोटार, आतून पोखरून रिकामी केलेली, बाहेरून लाल, दोन्ही बाजूंना मोठ्ठा आठ. बिनपायाची खुर्ची डिकीतून आत ढकलली आणि दोरांनी आवळली. मग प्रश्न आला म्हाताऱ्याचा. दार नाही म्हटल्यावर माणसाने खिडकीतून जायचं. रूडीने खांदे धरले, एमिलने पाय. फेडोर्कोने राग बाजूला ठेवून सल्ला धरला.

"डोकं आधी!"

"कंबर वळत नाही त्यांची!"

"मग पाय आधी! सोफा आणतात तसा आणा! तिरका करा, तिरका!"

"फेडोर्को," अर्धे आत अर्धे बाहेर असलेले म्हातारे म्हणाले, "मी आत पोचलो की पहिल्यांदा तुझ्या अंगावर गाडी घालायला लावतो."

अखेर ते आत पोचले. वरून पिसांची रजई, मांडीत पोळीचा डबा. एमिलला जागा उरली डिकीत, जादा टायर आणि हत्यारांच्या मधोमध. झाकण दोरीने अर्धवट बांधलेलं. त्याने कचेरीची हॅट डोक्यावर घट्ट बसवली, गुडघे हनुवटीशी घेतले, आणि आपली आळी आपल्यापासून दूर जाताना पाहिली. दूधवाल्याने तेवढ्यातही सलाम ठोकला.

सरोवराच्या कडेकडेने पश्चिमेला रस्ता. इंजिनाचा आवाज असा की विचार करायचीही सोय नाही. एमिलचं एकेक हाड वेगळं वाजत होतं. व्हर्मिलियन गावाशी रस्ता एकदम डावीकडे वळतो, तिथे रस्त्यावर वाळू पसरलेली. रूडीने ती पाहिली आणि शनिवारच्या सवयीने त्याच्या हाताने जे करायचं ते केलं: मागची चाकं घसरवत गाडी आडवी घातली. क्षणभर एमिलला डिकीतून सरोवर दिसलं, मग चर्च, मग पुन्हा सरोवर. पुढून एक आरोळी आली. एमिलला वाटलं, संपलं! म्हाताऱ्याची कंबर गेली! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, वाऱ्याचं म्हणावं तर वारा पाठीकडून होता. थोड्या वेळाने पुन्हा आरोळी. ओरडून विचारलं तर पुढून उत्तर नाही.

वाटेत एका पोलिसाने थांबवलं. त्याने आठचा आकडा पाहिला, रजईतला म्हातारा पाहिला, मग मागे येऊन हॅटवाला डिकीत पाहिला.

"तुम्ही कोण?"

"बिलांच्या खात्यात असतो," एमिल म्हणाला.

पोलिसाच्या गाडीत रेडिओ चालू होता. त्याने नुसतं हाताने पुढे दाखवलं. "फ्रीमाँटच्या पुढे जा. अलीकडची मोटेल तुमच्यासारख्यांनी तुडुंब भरलीत. पहिला अर्धा संपत आलाय. दोघांचाही भोपळा."

फ्रीमाँटच्या पुढचं मोटेलही भरलेलं. अंगणभर क्लीव्हलँडच्या गाड्या, प्रत्येक खिडकीतून धूर आणि गलका. मॅनेजर हात जोडायचा तेवढा बाकी होता. एमिल एकेक दार ठोठावत सुटला. पहिलं उघडलं नाही. दुसरं उघडून बंद झालं. तिसऱ्या दारात भट्टीवर काम करणारा असावा असा दांडगा माणूस उभा राहिला.

"जागा नाही! पलंगाखालीसुद्धा माणूस आहे!"

"जागा नकोय," एमिल म्हणाला. "खुर्ची आणलीय."

"मागच्यांना दिसणार कसं?"

"पाय कापलेत तिचे."

दांडग्याने दार सताड उघडलं. खुर्ची डिकीतून निघाली, म्हातारे खिडकीतून निघाले, आणि दुसरा अर्धा सुरू होताना अँटन कुहार आपल्या स्वतःच्या हिरव्या खुर्चीत, टीव्हीपुढे सगळ्यांच्या पुढे, जमिनीलगत बसले होते. मागच्या सगळ्यांना त्यांच्या टकलावरून स्वच्छ दिसत होतं.

मग काय सांगावं! आधी बॉल लाथेने खांबांमधून उडवून एक फील्ड गोल. मग बॉल रेषेपार नेऊन टचडाऊन, मग आणखी एक, मग पुन्हा फील्ड गोल, मग पुन्हा टचडाऊन. सत्तावीस, आणि समोरच्यांचा भोपळा तसाच. पलंग मोडला, कोणाला पर्वा नव्हती. ओळख ना पाळख, लोक एमिलच्या गळ्यात पडत होते. म्हातारे मात्र ओरडत नव्हते. त्यांनी एमिलची बाही घट्ट पकडली होती.

"ही पोरं स्वतःच्या नावाने खेळतात," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर. अख्ख्या देशात नाव घेतात त्यांचं. मला दर रविवारी नवं नाव असायचं. चांगलं खेळलो की लोक त्याच नावाने ओरडायचे. मागे वळून बघावं लागायचं, कोणाला म्हणतायत."

मागचा दांडगा वाकला. "आजोबा, तुम्ही खेळलात? चामड्याच्या टोप्यांच्या काळात?"

"नाक दिसत नाही का?"

"नाव काय तुमचं?"

म्हाताऱ्याने शर्टाची कॉलर सरळ केली. "कुहार. अँटन कुहार."

दांडग्याने बाटली उंचावली आणि छप्पर उडेल अशा आवाजात ओरडला, "अँटन कुहार!" आणि बेचाळीस वर्षं उशिरा, एका मोटेलच्या खोलीत, पलंगाखालच्या माणसासकट सगळ्यांनी ते नाव घेतलं. एमिलनेही घेतलं. त्याला जन्मात एवढ्या मोठ्याने ओरडल्याचं आठवत नव्हतं.

दिवे लागायच्या सुमाराला आठ नंबरची गाडी हॅडलीत शिरली. फेडोर्कोच्या घरात ही गर्दी! दूधवाला, समोरची म्हातारी, पाद्रीबाबा, मिस हॅव्हरकँपसुद्धा. दारात डोलोरेस, हातात पोळीचं ताट, गाल लाल.

"एमिल!" फेडोर्कोने मिठीच मारली. "अरे काय अँटेना आणलास रे तू! झाडात तसाच लोंबत होता, म्हटलं तार जोडून तर बघू. आरशासारखं चित्र! पूर्वेचं, सरोवराच्या त्या अंगाचं स्टेशन लागलं. पहिल्या मिनिटापासून शेवटच्यापर्यंत बघितलं सगळ्यांनी. तुम्ही होतात कुठे?"

"पश्चिमेला तोंड कर असं कोण म्हणालं होतं?" एमिलचा आवाज चिरका झाला.

"मीच. पण पूर्व माझ्या मनात होती."

एमिलने मनात हिशेब मांडला. म्हणजे चार हातांवर, शेकोटीपाशी, पूर्ण सामना. आणि आपण एका मोडक्या कंबरेच्या माणसाला खिडकीतून कोंबून बर्फाळ वाऱ्यात अर्धा सामना दाखवून आणला, वर त्याची खुर्ची कापली. कुणीतरी त्याच्या हातात पोळीचा तुकडा दिला, तो त्याने नुसता तोंडात कोंबला. आता सासरे काय म्हणणार ते त्याला पाठ होतं.

डोलोरेसला तेवढ्यात खुर्ची दिसली. "बाबा, किती हाल झाले असतील तुमचे! उद्याच एमिल तो अँटेना आपल्या छपरावर—"

"खबरदार!" म्हातारे गरजले. रजई लपेटून, रूडीच्या खांद्यावर हात टाकून ते उभे होते, आणि त्यांचं मोडकं नाक गाजरासारखं लाल झालं होतं. "तो अँटेना तिथेच राहील. घरात दिसायला लागलं तर मला गाडीत कोण घालणार? डोलोरेस, तुझा भाऊ व्हर्मिलियनच्या वळणावर गाडी आडवी घालतो! आडवी! मी दोनदा ओरडलो, पुन्हा घाल म्हणून. ऐकलं नाही गाढवाने, येताना घातली." मग ते एमिलकडे वळले. "आणि जावईबापूंनी शब्द दिलाय. पुढच्या वर्षी याहून लांब जायचं."

एमिलने असा कुठलाही शब्द दिलेला नव्हता. सगळी आळी त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि तोंडात पोळी होती. त्याने घास गिळला.

"याच खुर्चीत," तो म्हणाला.